गोळी आहे ना

सांगलीत लग्न ठरवायचं म्हटलं की लोक अजूनही मधे एक माणूस शोधतात. खरं तर आता तशी काही गरज उरलेली नव्हती. शिक्षण, पगार, रक्तगट, घराण्यातले आजार, घोरण्याची सवय, सगळं जुळवून देणारी यंत्रं फुकटात मिळत होती आणि ती फारशी चुकतही नव्हती. पण यंत्रानं जुळवून दिलेल्या मुलाच्या घरी जाऊन ‘तुमच्या आईसाहेब जरा कडक आहेत म्हणे, खरं का हो?’ असं कोण विचारणार? त्यासाठी विश्रामबागेत ‘शुभयोग वधूवर केंद्र’ होतं आणि ते भरतेश आणि त्रिशला मगदूम या नवराबायकोचं होतं.

त्यांच्या धंद्याचा एकच कायदा होता. थेट विचारायचं नाही, कानोसा घ्यायचा. मुलाकडचा कानोसा भरतेश घ्यायचा, मुलीकडचा त्रिशला. संध्याकाळी चहाच्या वेळी दोघं आपापला माल टेबलावर ओतायचे. मुलगा नोकरी सोडणार आहे, पण घरी सांगितलेलं नाही. मुलीला पुण्याला जायचंय, पण तोंडानं म्हणणार नाही. न बोललेलं ऐकण्यात या जोडप्याचा हात धरणारं कुणी सांगली-कोल्हापुरात नव्हतं. सव्वीस वर्षं ते हेच करत होते, आणि इतकी वर्षं एखादं काम केलं की ते माणसाच्या अंगात मुरतं, घरात येतं, अंथरुणात येतं. ते कसं, हीच ही गोष्ट आहे.

सहा वर्षांपूर्वी भरतेश आजारी पडला. कारण काहीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. धंदा बरा चालला होता, मुलगी बेंगळुरूला शिकायला गेली होती, तब्येत ठणठणीत. तरी एका सकाळी त्याला अंथरुणातून उठावंसं वाटलं नाही, दुसऱ्या सकाळी वाटलं नाही, आणि मग तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागला. नातेवाइकांनी कारण शोधायचा चंग बांधला. कुणी करणी म्हणालं, कुणी व्हिटॅमिन. त्रिशला कुणाशी वाद घालत बसली नाही. त्याला रिक्षात घालून ती मिरजेला डॉक्टर यास्मिन जमादारांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळी दिली, गोळी लागू पडली. दीड-दोन महिन्यांत भरतेश उठला, दाढी करायला लागला, फोन घ्यायला लागला. त्रिशलानं त्या दिवशी शेजारीपाजारी पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाली, “असेच.”

माणूस परत आला होता, पण पुरता नाही. गोळीनं दुःख शांत केलं तसं अंगही शांत केलं. बायको जवळ आली की पूर्वी त्याच्या आत काहीतरी हलायचं, ते हलेनासं झालं. सुरुवातीला त्यानं जमवून बघितलं. अंग साथ देईना, आणि खरं सांगायचं तर मनही मागेना. भूकच नसलेल्या माणसाला ताट वाढल्यावर जसं अवघडायला होतं तसं त्याला होई.

रविवारी दुपारी केंद्र बंद असायचं. जेवण झाल्यावर दोघं आडवी व्हायची. अशाच एका रविवारी, लग्नाच्या वाढदिवशी, त्रिशलानं त्याच्या छातीवर हात ठेवला. तो म्हणाला, “गोळी आहे ना.” एवढंच. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. तिनं हात काढून घेतला आणि उगीचच चादरीची घडी सरळ केली. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही. त्या तीन शब्दांनी घरात ठाण मांडलं.

एक गोष्ट मात्र तो कधीच विसरला नाही. पुढच्या कितीतरी रविवारी तो भिंतीकडं तोंड करून पडला की मागून तिचं बोट त्याच्या पाठीवर फिरायचं. हळूहळू, वळणावळणानं, ती काहीतरी लिहीत असल्यासारखी. तो जागाच असायचा. पण जागा आहे असं कळलं तर वळावं लागेल, वळलं तर काहीतरी बोलावं लागेल, म्हणून तो श्वास एकसारखा करायचा. आत, बाहेर, आत, बाहेर, झोपलेल्या माणसासारखा. यात तो इतका तयार झाला की त्याचं त्यालाच कधी कधी वाटे, आपण झोपलोय.

मग एका रविवारी ते बोट आलं नाही. नंतर कधीच आलं नाही. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली, आणि गोळीमुळं ती लाजही फार वेळ टिकली नाही.

तसा संसार अगदी गुण्यागोविंदानं चालला होता. गिऱ्हाइकांसमोर ती त्याला ‘अहो’ म्हणायची आणि घरात ‘अरे’. हळूहळू घरातही ‘अहो’ आलं. मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवायची जुनी रीत होती. त्यामुळे दिवेलागणीला सगळं आवरलेलं असायचं आणि पुढं ही लांबलचक संध्याकाळ. ती हेडफोन लावून काहीतरी ऐकायची. तो स्थळांची माहिती चाळायचा. मधे एक टीपॉय.

हा एकटेपणा आहे हे भरतेशला कळलं ते एका गिऱ्हाइकामुळं. जयसिंगपूरचे एक विधुर गृहस्थ दुसऱ्या लग्नासाठी आले होते. पगार, घर, मुलं, सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “मगदूमसाहेब, मला काही नको. कुणीतरी चालता चालता खांद्याला धक्का लावून जावं, एवढंच.” भरतेशनं ते मान हलवत ऐकून घेतलं आणि त्याच्या लक्षात आलं, आपल्याला असा धक्का लागून चार-पाच वर्षं झाली. दोघांनाही घरात एकमेकांना न लागता चालायची सवय झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आले तर एकजण आधीच थांबायचा.

दुसऱ्याच आठवड्यात तो बिनचालकाच्या बसमधून मिरजेला गेला. त्रिशलाला सांगितलं, एक स्थळ बघायला चाललोय.

डॉक्टर यास्मिन जमादार आता पन्नाशीला आल्या होत्या. त्यांनी त्याचं बोलणं मधे न तोडता ऐकलं.

“हे मला पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या.

“लाज वाटली. आणि म्हटलं, जीव वाचलाय, वर आणखी काय मागायचं?”

“सगळे हेच म्हणतात,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर दोन पेशी आणि मधली फट काढून दाखवली. त्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सांडतं आणि पेशी ते लगेच परत गोळा करतात. भरतेशची गोळी ते गोळा करणं अडवत होती. रसायन फटीत जास्त वेळ राहिलं की हळूहळू मन वर येतं. पण हे रसायन काही मनाचं एकट्याचं नोकर नाही. मेंदूत आणि पाठीच्या कण्यात त्याला इतर कामं आहेत, आणि ओढीला, अंगाच्या पेटण्याला ब्रेक लावणं हे त्यातलंच एक. एकच नळ सोडला की दोन्ही खोल्यांत पाणी भरतं.

“दुसऱ्या औषधांचा नळ वेगळा असतो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण त्यातलं कुठलं तुम्हाला लागू पडेल, हे पूर्वी घेऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही. जुनी गोळी कमी करत न्यायची, नवी वाढवत न्यायची, महिनोन्‌महिने वाट बघायची. मधेच आजार उलटला तर? त्या भीतीनं लोक तक्रार गिळायचे आणि जुनीच घेत बसायचे. आता आपल्याकडं दाणे आहेत.”

दाण्यांबद्दल भरतेशनं बातम्यांत ऐकलं होतं. माणसाच्या रक्तातल्या काही पेशी घ्यायच्या, त्यांना उलट्या दिशेनं मागं न्यायचं, त्या अजून कुणीच नव्हत्या तिथपर्यंत, आणि तिथून त्यांना मेंदूच्या पेशी व्हायला लावायचं. काचेच्या वाटीत साबुदाण्याएवढे मेंदूचे दाणे वाढतात. दाण्याला विचार नसतो, सुखदुःख नसतं. पण तो त्या माणसाच्याच पिंडाचा असतो. प्रत्येक दाण्यावर वेगळं औषध घालायचं आणि कुठल्या पेशी कशा बोलायला लागतात ते वाचायचं. माणसावर जो प्रयोग वर्षभर चालायचा तो त्याच्या दाण्यावर काही आठवड्यांत होतो, आणि दाणा बिचारा तक्रार करत नाही.

“मग गोळी मिळाल्यात जमा की,” भरतेश म्हणाला. “आता दुष्परिणाम नकोच.”

“काही लोकांना दुष्परिणामच हवा असतो, भरतेशराव.” डॉक्टर पेनचं टोपण उघडमीट करत म्हणाल्या. “आधी एवढ्या खात्रीनं सांगता यायचं नाही, आता येतं. कुठली गोळी तुमची भूक वाढवेल, कुठली झोप आणेल, कुठली ओढ घालवेल. मग लोक उलटं मागायला लागतात. परदेशी एकटे राहणारे. नवरा किंवा बायको गेलेले. आणखीही कोण कोण. चौकशी करून, पारखून आम्हाला ती द्यायची परवानगीही आहे.”

“ओढ जावी म्हणून गोळी? असं कोण मागेल?” भरतेश हसला.

डॉक्टर हसल्या नाहीत. “घरी बोललात का?”

“नाही. एकदम बरा झालो की मगच कळू दे तिला. तोवर ती कधी भेटली तर तुम्हीच जरा कानोसा घ्या ना, की तिला... म्हणजे अजून...”

“मी एकाचं दुसऱ्याला सांगू शकत नाही आणि दुसऱ्याचं एकाला विचारू शकत नाही. तुम्ही घरी बोला. औषध सुरू करायच्या आधी बोला.”

सव्वीस वर्षं लोकांच्या न बोललेल्या गोष्टी ऐकणारा हा माणूस. पण डॉक्टरांचं म्हणणं त्यानं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. सगळे डॉक्टर म्हणतात तसं म्हणाल्या, असं त्याला वाटलं.

त्याच्या दाण्यांनी एका औषधाला चांगला कौल दिला. जुनी गोळी पायरीपायरीनं कमी, नवी पायरीपायरीनं जास्त. ते काही सोपं गेलं नाही. मान वळवली की डोक्यात बारीक वीज चमकून जायची. छातीत विनाकारण धडधडायचं. एकदा एका मुलीचा बाप ‘आमच्या पोरीला चहा सुद्धा येत नाही’ असं कौतुकानं सांगत होता, तर भरतेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि थांबेना. समोरचा बाप गांगरून गेला. त्रिशला पलीकडच्या टेबलावरून उठली, तिनं त्या गृहस्थांना सरबत दिलं आणि भरतेशला आत नेलं.

“काय झालं?”

“धूळ गेली.”

तिनं त्याच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. आजार परत येतोय की काय, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ होती. पण तिनंही विचारलं नाही. त्या दिवसापासून ती त्याच्या ताटाकडं, त्याच्या उठण्याच्या वेळेकडं गुपचूप लक्ष ठेवायला लागली. ती कानोसा घेत होती आणि त्याला तो कळत होता, तरी दोघं गप्प.

आणि मग एका सकाळी ते आलं. त्रिशला ओट्यापाशी उभी राहून थालीपीठ थापत होती. केस वर बांधलेले, मानेवर घामाचे थेंब, आणि मान किंचित एका बाजूला झुकलेली. ती मान त्यानं रोज बघितली होती. पण त्या सकाळी ती बघितल्यावर त्याच्या आत ते पुन्हा असं हललं की त्याला दाराची चौकट धरावी लागली. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ, चष्मा लावलेला, हातात दुधाची पिशवी, आणि कॉलेजच्या पोरासारखा बायकोच्या मानेकडं बघत उभा. त्याला हसू आलं आणि रडूही आलं. त्याला वाटलं, एवढी वर्षं मी कुठं होतो?

“दूध ओट्यावर ठेवा,” ती मागं न बघता म्हणाली.

तो आठवडाभर त्याच धुंदीत होता. त्याला सगळ्याचा वास यायला लागला होता, तिच्या पावडरीचा, उन्हात वाळलेल्या पातळाचा, तिनं वाचून ठेवलेल्या मासिकाचासुद्धा. ती शेजारच्या खोलीत बोलत असली तरी तो हातातलं काम थांबवून ऐकायचा. या बाईच्या इतक्या जवळ आपण इतकी वर्षं इतके लांब राहिलो, आणि ती एका शब्दानं बोलली नाही, याचं त्याला भरून यायचं. आपण तिला सगळं परत देणार आहोत, असं त्याला वाटत होतं. तिनं ते परत घ्यायला हात पुढं करायला हवा, हे मात्र त्याच्या मनातही आलं नाही.

रविवार आला. जेवणं झाली. ती पलंगावर कुशीवर पडून काहीतरी ऐकत होती. तो शेजारी बसला. त्यानं तिच्या कानातून हेडफोन अलगद काढला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता.

ती वळली. दचकली नाही, की हात झटकलाही नाही. काळजीच्या चेहऱ्यानं तिनं त्याच्या कपाळावर पालथा हात ठेवला.

“ताप आलाय का हो तुम्हाला?”

भरतेशनं नकारार्थी मान हलवली. मग तो म्हणाला, “मी गोळी बदललीय, त्रिशला. जमादार बाईंकडून. दोन महिने झाले. आता... आता तसं काही नाही. मी पहिल्यासारखा आहे.”

तिचा हात कपाळावरच राहिला. मग तो हळूच खाली आला. ती उठून बसली आणि तिनं पाठीशी उशी घेतली.

“मला सांगायचंस की,” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडी ‘तू’ आलं होतं, पण आवाजात आनंद नव्हता. “आधी सांगायचंस की रे.”

“का? काय झालं?”

“मी पण घेते.”

“काय?”

“गोळी. तुझीच. म्हणजे तू आधी घेत होतास तसलीच. दोन वर्षं झाली.”

“तुला उदास वाटत होतं?” तो घाबरून म्हणाला. “मला कसं कळलं नाही?”

“उदास नव्हते मी. मला उदास व्हायला वेळ कुठं होता?” ती खिडकीकडं बघत बोलत होती. “तू भिंतीकडं तोंड करून झोपायचास. मी तुझ्या पाठीकडं बघत पडायचे. चार वर्षं बघितली ती पाठ. तू आजारी होतास, तुझ्यावर रागवायची सोय नव्हती. दुसरीकडं कुठं बघायचं ते माझ्या हातून होणार नव्हतं. माझं मला मागणं मात्र सुटेना. सकाळी आंघोळ करताना सुद्धा रडू यायचं. मग मी बाईंकडं गेले. म्हटलं, मला बरं नका करू, मला नुसती गप्प करा. त्या नको म्हणाल्या. दोनदा परत पाठवलं मला. म्हणाल्या, घरी बोला.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी त्यांनाच म्हटलं, तुम्हीच जरा आमच्या यांचा कानोसा घ्या की, यांच्या मनात काय आहे बघा.”

भरतेशच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. त्याला हसायचं होतं. तीही जराशी हसली, आणि मग दोघंही एकदमच थांबली.

“आपणच नाही का सांगतो लोकांना,” ती म्हणाली, “जिथं जुळत नाही तिथं एकानं थोडं कमी करायचं. तुला वाढवता येत नव्हतं. मी कमी केलं.”

“बंद कर आता,” तो घाईनं म्हणाला. “हळूहळू कमी करता येते. मी केलीय, मला माहीत आहे. डोक्यात जरा वीज चमकते, बाकी काही नाही. बहुतेकांचं सगळं परत येतं.”

तिनं त्याचा हात धरला, पण स्थळ मोडल्यावर मुलीच्या आईचा धरायची तसा.

“मला आता बरं वाटतंय रे,” ती म्हणाली. “झोप लागते. काम सुचतं. तुझ्याकडं बघून मला आता काही दुखत नाही. ते परत आणायचं म्हणजे दुखणं पण परत आणायचं. ते कशासाठी आणायचं, हे कळायला आधी ते पाहिजे असायला हवं. आणि तेच तर मी घालवलंय.”

दाण्यांवर सगळं वाचता येत होतं, कुठलं औषध काय देईल आणि काय नेईल. पण जिची इच्छाच गेली आहे तिला इच्छेची इच्छा कशी व्हावी, हे कुठल्या वाटीत वाढवून बघायचं? तो उठला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

पुढचे दिवस त्याला फार जड गेले. नव्या गोळीनं त्याचं मन धरून ठेवलं होतं, तो पुन्हा भिंतीकडं वळला नाही. पण आता त्याला सगळं लागत होतं. ती जवळून गेली की लागायचं, आणि स्वयंपाकघराच्या दारात ती थांबून त्याला आधी जाऊ द्यायची तेव्हा तर जास्तच. संध्याकाळी ती हेडफोन लावून टीपॉयच्या पलीकडं बसायची, शांत, समाधानी, त्याच्याकडं बघून हसायचीसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता. तो मात्र आतल्या आत भाजत असायचा. इतका एकटा तो आजारातही नव्हता. तेव्हा निदान बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं.

शेवटी तो पुन्हा मिरजेला गेला.

“तुम्हाला माहीत होतं,” तो डॉक्टरांना म्हणाला.

“मला बरंच काही माहीत असतं, भरतेशराव. सांगता येत नाही, तेच माझ्या कामाचं दुखणं आहे.” त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. “काय करायचं म्हणता?”

“मला जुनी गोळी परत द्या.”

“ही नवी तुम्हाला चांगली मानवलीय. दाणेही तेच सांगतात.”

“मन बरं आहे हो. बाकीचं बंद करायचंय. तीही शांत, मीही शांत. भांडण नाही, तंटा नाही.”

डॉक्टरांनी थोडा विचार केला. “देता येईल. तीन-चार आठवड्यांत सगळं पुन्हा थंड होईल, तुम्हाला काही वाटणारही नाही. पण एक सांगते, आणि हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही. तुमच्या घरातली दोन माणसं माझ्या या खुर्चीत येऊन एकमेकांसाठी निर्णय घेऊन गेलीत. हा तिसरा निर्णय आहे.”

त्यानं गोळ्या घेतल्या. बसमध्ये पाकीट मांडीवर ठेवून तो खिडकीबाहेर बघत राहिला. गोळी आज सुरू केली की महिन्याभरात हे जळणं थांबणार होतं. ती मानही पुन्हा नुसती मान होणार होती. घरी पोचेपर्यंत त्याच्या मनात दहा वेळा आलं की पाकीट फोडावं, पण डॉक्टरांचा तो तिसऱ्या निर्णयाचा शब्द मधे मधे येत राहिला.

केंद्र उघडं होतं, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. त्रिशला तिच्या टेबलामागं बसली होती. भरतेश आपल्या खुर्चीकडं गेला नाही. तो तिच्या टेबलासमोरच्या, मुलीच्या आईवडिलांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसला आणि पाकीट तिच्यापुढं ठेवलं.

“हे काय?”

“जुनी गोळी. तुझी आहे तीच. घ्यावी असं मनात आहे. पण तुला विचारल्याशिवाय घेणार नाही. थेट विचारतोय, मधे कुणी नाही. घेऊ का?”

त्रिशलानं पाकिटाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. सव्वीस वर्षांत या टेबलावर इतकं उघडं कुणी बोललं नव्हतं.

“फार त्रास होतोय का?” तिनं विचारलं.

“होतोय.”

“कळतंय मला,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “म्हणजे, आठवतंय.”

तिनं पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि टेबलाच्या खणात टाकलं.

“नको घेऊस.”

“का?”

“दोघंही गप्प झालो तर मग संपलंच की. कुणाला आठवणारच नाही काय होतं ते. एकाला तरी आठवत राहू दे.” तिचा आवाज पहिल्यांदाच किंचित हलला. “मला तुझ्यासाठी काही वाटत नाही असं नाही, पण तसलं वाटत नाही. खोटं कशाला बोलू? वाटेल का तेही माहीत नाही. बंद करायची की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. घाई करू नकोस मला.”

“करणार नाही. पण मी किती दिवस थांबायचं?”

“काय सांगू?” ती म्हणाली. “मी चार वर्षं थांबले होते.”

ती टोमणा मारत नव्हती. म्हणूनच ते त्याला फार लागलं.

तेवढ्यात दार वाजलं, कवठे महांकाळचं एक कुटुंब मुलाचं स्थळ घेऊन आलं. “या, बसा,” म्हणत भरतेश उठून आपल्या टेबलाशी गेला, आणि दोघं आपापल्या कामाला लागली.

रविवारी दुपारी जेवणं झाली. बाहेर कडक ऊन होतं, गल्लीत कुणी नव्हतं. त्रिशला पलंगावर पडली आणि कूस बदलून भिंतीकडं वळली. भरतेश शेजारी आडवा झाला. त्याच्यासमोर तिची पाठ होती. पोलक्याचा गळा, मानेखालचा तीळ, मणक्याची पुसट ओळ. त्यानं ती पाठ बघितली, बराच वेळ बघितली. चार वर्षं तिनं काय पाहिलं असेल ते आज त्याला दिसत होतं. इतक्या जवळून माणसाची पाठ दिसते आणि आपल्याला पलीकडं जाता येत नाही. त्याला तिची माफी मागावीशी वाटली. पण मागून काय होणार होतं?

मग त्यानं बोट पुढं केलं आणि तिच्या पाठीवर टेकवलं. अगदी हलकंच. तो लिहायला लागला. आधी तिचं नाव लिहिलं. मग ‘चुकलं’ असं लिहिलं. मग काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘जागी आहेस का’ असं लिहिलं.

ती हलली नाही. तिचा श्वास चालू होता. आत, बाहेर, आत, बाहेर.

भरतेशचं बोट थबकलं. तो कान देऊन ऐकत राहिला. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. तो मधेच अडतो, लांबतो, उसासतो. इतका एकसारखा, इतका मापात श्वास कोण घेतं, हे सबंध सांगलीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यानं हाक मारली नाही. तो थोडा जवळ सरकला आणि तेच तीन शब्द पुन्हा लिहायला लागला, आधीपेक्षा सावकाश.